साळुंकीचा पिंजरा : हीच वेळ

ऑस्ट्रेलियाच्या पूर्व भागात फळबाग, मळा किंवा घोड्यांचा तबेला सांभाळणाऱ्या मराठी मंडळींना साळुंकीची ओळख करून द्यायला नको. 1862 च्या सुमारास मेलबर्नच्या भाजीमळ्यांतले किडे खाण्यासाठी तिला मुद्दाम आणलं, 1883 मध्ये उसासाठी क्वीन्सलँडला नेलं. उसाची कीड काही हटली नाही. 1935 मध्ये त्याच कामावर केन टोड हा भेक आणला, तो दुसरा उपद्रव! आज साळुंकी अंजीर-द्राक्षं टोचते आणि रोझेला पोपटांना झाडांच्या ढोल्यांतून हुसकावते.

वीण संपून शरद ऋतू लागला की पिंजरा लावावा. यंदाची पिल्लं अजून भोळी असतात आणि थंडीत चारा कमी झाला की आमिषाची ओढ वाढते.

दोन कप्प्यांचा पिंजरा उत्तम. पक्षी खालून चालत आत येतो, खाऊन वर उडतो आणि दुसऱ्या कप्प्यात अडकतो. साळुंक्या रोज चरतात त्याच आखूड गवतावर तो ठेवा. आमिष म्हणून कुत्र्या-मांजराचं कोरडं खाद्य घाला. धान्य नको, त्याला इथले दाणे खाणारे पक्षी येतात. पहिले काही दिवस दार उघडंच ठेवून नुसतं खाऊ घाला. मात्र तबेल्यातलं सांडलेलं खाद्य आणि कुत्र्याची थाळी उचललेली हवी, नाहीतर पिंजऱ्याकडे कोण फिरकणार?

अडकलेल्या पक्ष्याला पाणी, सावली, बसायला दांडी द्या. रोज पिंजरा बघा. दुसऱ्या जातीचा पक्षी सापडला तर तिथेच सोडा. नॉइझी मायनरकडे विशेष लक्ष द्या. चोच पिवळी, डोळ्यामागे पिवळा डाग, पण अंग राखाडी. तो इथलाच, संरक्षित पक्षी आहे. साळुंकीचं अंग तपकिरी, डोकं काळं, उडताना पंखात पांढरा पट्टा दिसतो.

पकडलेली साळुंकी दूर नेऊन सोडू नका. तिला वेदना न होता मारण्याची मान्य पद्धत कौन्सिल किंवा पशुवैद्याकडून समजून घ्या, आणि ते काम इतर साळुंक्यांसमोर करू नका. घाबरलेली सोबतीण पाहिली की बाकीच्या ती जागा टाळायला शिकतात. नियम राज्यागणिक वेगळे आहेत, तेही आधी विचारा.

हा सल्ला गावाकडच्या भावाला मात्र पाठवू नका. भारतात साळुंकी तिथलीच, आणि वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार तिला पकडणं गुन्हा आहे.