तारीख तू बोलतेस, रात्र त्यांची जाते

लीड झालीस, पेढेही खाऊन झाले, आता जरा माझ्याजवळ बस. परवा फोनवर विचारत होतीस, "ताई, टीम अगदी मरगळून गेलीये गं, पिझ्झा पार्टी ठेवू की सगळ्यांना लोणावळ्याला नेऊ?" पिझ्झा खुशाल ठेव, भूक सगळ्यांनाच लागते. पण ही मरगळ भुकेची नाही. क्लायंटच्या कॉलवर "हो हो, महिनाअखेर होऊन जाईल" असं तू म्हणालीस, तेव्हा म्यूटवर बसलेल्या तुझ्या पाचजणांनी आपसात चॅटवर काय लिहिलं असेल, याचा विचार कर. दुखणं तिथलं आहे. तारीख तू बोलतेस आणि ती पाळण्यासाठी रात्र मात्र त्यांची जाते. लोणावळ्याने त्यावर काही होत नाही. उलट त्यांचा एक शनिवार आणखी जातो.

तू म्हणशील, तारीख काय माझ्या हातात असते का? कधीकधी खरंच नसते. मास्टेकचंच बघ. मुंबईची सॉफ्टवेअर कंपनी, बिऱ्हाड अंधेरीच्या सीप्झमध्ये. लंडनच्या कंजेशन चार्जची बरीचशी संगणक यंत्रणा त्यांनी उभी केली. १७ फेब्रुवारी २००३, सोमवार, सकाळी सात वाजल्यापासून मध्य लंडनमध्ये गाडी घालणाऱ्याकडून ५ पौंड घ्यायचे, हे महापौरांनी जाहीर केलेलं. फजिती होणार म्हणून टपून बसलेलेही कमी नव्हते. अशा ठिकाणी "एक आठवडा वाढवून द्या ना साहेब" कोणाला म्हणणार?

पण न हलणारी तारीखसुद्धा फोडता येते, आणि याचं उत्तम उदाहरण आपल्या मुंबईतच आहे. शेअर विकल्यावर पैसे दोन दिवसांनी मिळायचे, ते एका दिवसात द्यायचे ठरले, तेव्हा ब्रोकर, बँका, कस्टोडियन, डिपॉझिटरी, सगळ्यांच्याच यंत्रणा बदलायच्या होत्या. एकाच सोमवारी सगळा बाजार नव्या पद्धतीवर नेला असता तर किती टीम कोलमडल्या असत्या, देव जाणे. तसं केलं नाही. २५ फेब्रुवारी २०२२ ला सुरुवात झाली ती बाजारमूल्याने सगळ्यात लहान १०० कंपन्यांपासून. मग मार्चपासून दर महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी पुढच्या ५००. ज्यांच्यात काही चुकलं तर देशभर बोंब झाली असती, त्या बड्या कंपन्या अगदी शेवटी, २७ जानेवारी २०२३ ला. आता सेबीने हे काही कोडिंग करणाऱ्या पोरांच्या मनोबलासाठी केलं नव्हतं, पण पोरांना फायदा झालाच असणार. चूक व्हायची ती लहान ठिकाणी होते, निस्तरायला महिना मिळतो, आणि दर महिन्याला "चला, एक हप्ता पार पडला" असं म्हणता येतं. शेवट दिसत राहिला की माणूस ओढून नेतो गं. शेवटच दिसेनासा झाला की सोपं कामसुद्धा अंगावर येतं.

तर तुझी टीम बनवतेय त्या कर्जाच्या ॲपमधल्या "सगळ्यात लहान १०० कंपन्या" कोणत्या, ते आधी शोध. पहिल्या हप्त्यात फक्त कंपनीच्या कर्मचाऱ्यांचेच अर्ज घे. मग एखाद्या शाखेचे. ते सतरा प्रकारचे रिपोर्ट, जे दिल्यावर क्लायंट उघडून बघेल की नाही याचीच शंका, ते सगळ्यात शेवटी. महिनाअखेर हीच तारीख राहू दे, पण महिनाअखेर काय काय होणार नाही, हे तू स्वतःच्या तोंडाने वर सांग. टीमला "जरा पुश करा" म्हणणं फार सोपं असतं. वरच्या माणसाला "हे या वेळी नाही" म्हणायला घसा कोरडा पडतो. लीडला जास्तीचा पगार आहे तो या दुसऱ्या वाक्याचा.

आणि ते तू म्हणालीस की वरून हमखास एक उदार उत्तर येईल: "मग चार माणसं घे की अजून!" नको घेऊस. निदान लगेच तरी नको. आयबीएममध्ये मोठी ऑपरेटिंग सिस्टीम बनवून घेताना पोळलेल्या फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय की उशीर झालेल्या प्रोजेक्टमध्ये माणसं वाढवली की उशीर आणखी वाढतो. हिशेब साधा आहे. तुम्ही सहाजण असता तेव्हा दोघादोघांच्या बोलण्याच्या जोड्या होतात १५. दहाजण झाले की ४५. शिवाय नव्या चौघांना शिकवणार कोण? ज्याला सगळ्यात जास्त येतं तो. म्हणजे काम करणारा एक हात गेला, आणि त्याची चिडचिड टीमच्या वाट्याला आली.

आता मुंबईचा हिशेब, जो कुठल्याच एस्टिमेटच्या एक्सेलमध्ये नसतो. तुझ्या टीममधला तो बदलापूरचा मुलगा. घर ते स्टेशन, मग घाटकोपरपर्यंत उभ्याने, तिथे पुलावरून मेट्रोच्या रांगेत, मग चकाला. दोन तास धर, तेवढेच परत. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीच्या अध्यक्षांचं ते बोलणं गाजलं ना, आठवड्याला ९० तास, रविवारीसुद्धा काम? सातही दिवस धरले तरी रोजचे जवळपास तेरा तास होतात. त्यात या मुलाच्या प्रवासाचे चार तास मिळव. उरले सात. त्यात अंघोळ, जेवण, झोप आणि म्हाताऱ्या आईशी दोन शब्द. मोटारीने येणाऱ्याला हा हिशेब सुचत नाही, त्याला दोष देऊन उपयोग नाही. तू ट्रेनने येतेस, तुला सुचायला हवा.

म्हणून काही बारीकसारीक गोष्टी, पण टीमला या दिसतात. न्यूयॉर्कच्या सकाळी अकराचा कॉल आपल्याकडे रात्री साडेआठला असतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं मागे जातात आणि तोच कॉल कोणालाही न विचारता आपल्याकडे साडेनऊला येतो, तो थेट मार्चपर्यंत. ऑक्टोबरमध्येच क्लायंटला सांग, "हिवाळ्यात तुमच्या दहाला घेऊ." बहुतेक वेळा तो लगेच "शुअर" म्हणतो, कारण आजवर त्याला कोणी विचारलेलंच नसतं. आणि बदलापूरवाल्याला त्या दिवशी साडेपाचला सोड, कॉल घरून घेईल.

तसंच ते शनिवारी रात्रीचं रिलीज. "वीकेंडला युजर नसतात" हे बरोबर, पण रविवारी रेल्वेचा मेगाब्लॉक असतो, हे कोण लक्षात घेणार? रात्रभर जागलेली पोरं सकाळी दहा-अकराला बाहेर पडतात आणि नेमकी ब्लॉकमध्ये सापडतात. डोळ्यांत झोप, प्लॅटफॉर्मवर घोषणा, आणि रविवार बुडाला तो बुडालाच. जमलं तर गुरुवारी रात्री कर आणि शुक्रवार मोकळा दे. शनिवारच करावा लागला तर कंपनीची गाडी घरापर्यंत, आणि सोमवारची सुट्टी आधीच मेलवर लिहून. "नंतर कॉम्प ऑफ ॲडजस्ट करू" या वाक्यावर आजकाल कोणाचा विश्वास उरलेला नाही. तुझ्या टीममधल्या मुलींच्या बाबतीत तर गाडी ही मेहेरबानी नाहीच. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊ ते सकाळी सातपर्यंत काम करायचं तर बाईची संमती हवी आणि घरापर्यंत पोचवायची सोयही हवी. एचआरला याची गोड आवाजात आठवण करून दे.

आणि गणपती! कोकणातली किती आहेत तुझ्याकडे? रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं. म्हणजे कोण कधी गावाला जाणार हे तुला दोन महिने आधी कळू शकतं, फक्त विचारायला हवं. त्या आठवड्यात रिलीज लावून मग "बघ ना, काही जमतंय का" म्हणत मागे लागणारे मॅनेजर मी पाहिलेत. माणूस थांबतो, नाही असं नाही. लॅपटॉपसमोर बसतोही. पण त्याचं लक्ष घरच्या आरतीच्या व्हिडिओ कॉलवर असतं, आणि पुढच्या वर्षी तो दुसऱ्या कंपनीत असतो.

सगळ्यात नाजूक गोष्ट मात्र वेगळीच आहे. तुमचा सकाळचा स्टँडअप. तुझी ती टेस्टिंगवाली मुलगी हळूच म्हणते, "हप्ता कधीकधी दोनदा कापला जातोय." लगेच कोणीतरी म्हणतो, "तुझ्याच मशीनवर होत असेल." चारजण हसतात, स्टँडअप पुढे सरकतो. घडतं असं, त्यात दुष्टपणा कोणाचाच नसतो. पण पुढच्या वेळी ती दोनदा खात्री करून घेईल, मग तीनदा, आणि मग गो-लाइव्हच्या आदल्या संध्याकाळी सांगेल. किंवा सांगणारच नाही. त्या जागी तुझं काम एवढंच: हसू ओसरायच्या आत विचारायचं, "कुठल्या अर्जावर? चल, दाखव मला." तिच्या खुर्चीशी जाऊन उभी राहा, सगळ्यांच्या देखत. बग खरा निघाला तर बोर्डावर तिचं नाव लाव, खोटा निघाला तरी चेहरा पाडू नकोस. एमी एडमंडसन नावाच्या बाईंनी १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या हॉस्पिटलांत नर्सेसच्या तुकड्यांचा अभ्यास केला होता. चांगल्या तुकड्यांत औषधांच्या चुका कमी असतील अशी त्यांची अपेक्षा, तर नोंदी उलट जास्तच सापडल्या. त्यांनी काढलेला अर्थ असा की चांगल्या तुकड्यांत चुका जास्त होत नव्हत्या, तिथली माणसं त्या न घाबरता सांगत होती. तेव्हा तुझ्या बोर्डावर अचानक बग वाढले तर घाबरू नकोस. बोर्ड अगदी स्वच्छ दिसायला लागला तर मात्र घाबर.

काही बिघडलं की वर मेल जाईल तो तुझ्या नावाने जाऊ दे, "आमच्याकडून राहिलं" असा. कोणाकडून राहिलं ते खोलीत, दार लावून बोल. आणि चांगलं झालं की मात्र नावं लिही, संपूर्ण नावं, क्लायंट सीसीत असताना. याला पैसा लागत नाही, तरी लोक चिक्कूपणा का करतात, हे मला आजतागायत कळलेलं नाही. हां, "आपण सगळे एक फॅमिली आहोत" असलं मात्र बोलू नकोस. फॅमिलीत अप्रेझल नसतं, आणि पोरं तेवढी हुशार आहेत.

एवढं करूनही पाचजणांपैकी एखादा पेपर टाकेलच. तो दिवस येणार, तयारी ठेव. काउंटर ऑफर घेऊन मागे धावू नकोस, आणि रुसूही नकोस. खाली टपरीवर चहाला ने आणि नीट विचार, कशाचा कंटाळा आला. जाणारा माणूस खरं सांगतो, त्याला आता तुझ्याकडून काही नको असतं. मग त्याच्या वाटचं काम उरलेल्या चौघांत वाटून टाकायच्या आधी वर जा आणि त्यातलं काय सोडायचं ते ठरवून ये. बऱ्याच कंपन्यांत नोटीस पिरियड ९० दिवसांचा असतो. त्याला पहिल्याच दिवसापासून वाळीत टाकू नका, स्टँडअपला बोलवा, जेवायला बरोबर घ्या, त्याचं सगळं ज्ञान त्या टेस्टिंगवाल्या मुलीला लिहून घेऊ दे. राहिलेले चौघे तू त्याच्याशी कशी वागतेस हेच बघत असतात.