मुकुटाखालचं साल

अमेरिकेतल्या गन शोमध्ये मार्टिनी-हेन्री ही जुनी ब्रिटिश रायफल विकणारा माणूस बंदुकीआधी गोष्ट विकतो. 1879, झुलू युद्ध, इसांडलवाना! मी मान डोलावतो आणि रायफलची उजवी बाजू वर करून भिंग काढतो.

ओळखीतल्या एका मराठी मुलाने अशीच एक दाखवायला आणली. अफगाणिस्तानातून परतलेल्या सैनिकाकडून घेतलेली, पैसे अस्सल मालाचे मोजलेले. वर मुकुट, व्ही. आर., खाली एनफिल्ड आणि साल 1907. व्हिक्टोरिया राणी जानेवारी 1901 मध्ये गेली. पुढच्या राजाच्या काळात तिची अक्षरं कोण कशाला ठोकेल? एनफिल्डमधला ‘एन’ही उलटा. खैबरच्या बाजूला कानशीने घडवलेली नक्कल. अशी भिंतीवर लावावी, पण गोळी कधीही झाडू नये. पोलादाचा भरवसा नसतो.

सगळ्याच नकला इतक्या भोळ्या नसतात. मोठा शिक्का नक्कल करणारा नीट उतरवतो; कंटाळतो तो तपासनिसांच्या खुणांना. अस्सल रायफलवर नळीपासून बारीकसारीक भागांपर्यंत इवलासा मुकुट, अक्षर आणि आकडा विखुरलेले असतात. शिवाय साल आणि मार्क, म्हणजे रायफलची आवृत्ती, जुळले पाहिजेत. 1874 खाली ‘II’ दिसला तर दचकू नका, मार्क I सुधारून II केल्या होत्या. मार्क IV वर 1879 असेल तर मात्र नमस्कार करून निघावं, ती आवृत्ती त्यानंतरची. एकमेकांकडे टोकं केलेले दोन बाण म्हणजे सरकारने नोकरीतून काढून विकलेली. त्यात खोट काही नाही.

नेपाळच्या जुन्या शस्त्रागारातला साठा 2003 मध्ये अमेरिकन व्यापाऱ्यांनी उचलला. त्यातल्या गहेंद्र रायफली मार्टिनीच्या भावंडांसारख्या दिसतात, पण आतली रचना निराळी आणि बाजारही निराळा. त्यांच्यावरचे देवनागरी आकडे विक्रेत्याला नक्षी वाटतात, आपण ते सरळ वाचतो. साल विक्रम संवताचं असेल तर 57 वजा करायचे.

किंमत पाडणारा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे हौशी मालकाचा पॉलिश पेपर. कडा गोल झाल्या, खुणा पुसट झाल्या, की ती रायफल फक्त चकाकते. दस्त्याच्या धातूच्या पट्टीवर पलटणीचा क्रमांक असेल तर भाव चढतो, म्हणूनच तो मागाहून ठोकणारेही आहेत. जुन्या काळपट धातूत खाच तेवढी उजळ दिसली की समजावं. आणि भाव काढताना मागितलेली रक्कम धरू नका, लिलावात प्रत्यक्ष मोजलेले आकडे बघा.

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात 1898 पर्यंत बनलेलं शस्त्र पुरातन धरतात, राज्यांचे नियम वेगळे. भारतात 1959 च्या शस्त्र कायद्याची सूट फक्त दुरुस्त करूनही न चालणाऱ्या जुन्या हत्यारांना आहे. त्यामुळे गावच्या वाड्यात आजोबांची ठासणीची बंदूक सापडली, तर आधी परवान्याचं विचारा, किमतीचं नंतर. शंभरी ओलांडलेली वस्तू परदेशी पाठवायला 1972 चा पुरावस्तू कायदा आडवा येतो.