विक्रीपूर्व डुकरांच्या खुराकात वाटाणा

वराहपालनात एकूण खर्चापैकी सुमारे ७० टक्के खर्च खाद्यावर होतो. पिलांपेक्षा ५० किलोच्या पुढील डुकरे कितीतरी जास्त खातात. त्यामुळे विक्रीपूर्वीच्या दोन-तीन महिन्यांत केलेली काटकसर थेट नफ्यात दिसते. अनेकजण या काळात हॉटेलचे खरकटे वापरतात. परंतु २०२० साली आसाम व अरुणाचल प्रदेशात आफ्रिकन स्वाईन फिव्हर हा रोग आढळला. त्यावर उपचार नाही आणि न उकळलेल्या खरकट्यातून तो पसरू शकतो. म्हणून धान्याच्या खुराकाचा विचार करणे हिताचे आहे.

वाटाणाच का?

वाळलेल्या वाटाण्यात सुमारे २३ टक्के प्रथिने असतात. मक्यात ती ८ ते ९ टक्के, तर सोयाबीन पेंडीत सुमारे ४५ टक्के असतात. वाटाण्यात पिष्टही भरपूर असल्याने तो काही अंशी मक्याची व काही अंशी पेंडीची जागा घेतो. मक्यात कमी पडणारे लायसिन हे अमिनो आम्ल त्यात चांगल्या प्रमाणात असते. कच्च्या सोयाबीनप्रमाणे तो भाजावा लागत नाही, नुसता भरडला तरी पुरतो. मात्र मेथिओनिन व ट्रिप्टोफॅन ही अमिनो आम्ले त्यात कमी आहेत. म्हणून पेंड पूर्ण बंद करू नये.

१०० किलो खुराकाचे प्रमाण

(पहिला आकडा वाटाण्याविना, दुसरा वाटाण्यासह, किलोमध्ये)

मक्याचा भरडा : ६९ – ५७
गव्हाचा कोंडा : १३ – १३
सोयाबीन पेंड : १५ – ७
भरडलेला वाटाणा : ० – २०
खनिज मिश्रण : २.५ – २.५
मीठ : ०.५ – ०.५

दोन्ही खुराकांत साधारण १४.५ टक्के प्रथिने मिळतात. २० किलो वाटाण्यामुळे १२ किलो मका व ८ किलो पेंड वाचते.

भाव कसा पाहावा?

वरील हिशेबाने १०० किलो वाटाणा म्हणजे ६० किलो मका अधिक ४० किलो पेंड. समजा, मका २४ रुपये व पेंड ४५ रुपये किलो आहे. मक्याचे १,४४० व पेंडीचे १,८०० मिळून ३,२४० रुपये होतात. वाटाणा क्विंटलला यापेक्षा स्वस्त मिळाला तरच घ्यावा. आपल्या बाजारातील भाव घालून हा हिशेब दर खरेदीच्या वेळी करावा.

डुक्कर ५० वरून ९० किलोपर्यंत वाढविताना दर किलो वाढीस ४ किलो खुराक धरल्यास १६० किलो खुराक लागतो. त्यात ३२ किलो वाटाणा बसतो. तो २६ रुपये किलोने मिळाल्यास एका डुकरामागे सुमारे २०५ रुपये, म्हणजे दहा डुकरांमागे दोन हजारांवर बचत होते. खाण्याचा निवडक वाटाणा या भावात सहसा परवडत नाही. म्हणून स्वच्छता व प्रतवारीत बाजूला पडलेला फुटका, बारीक किंवा रंग गेलेला वाटाणा घ्यावा.

घ्यावयाची काळजी

१. बीजप्रक्रिया केलेले, औषध लावलेले बियाणे उरले तरी डुकरांना कधीही घालू नये.

२. बुरशी लागलेला किंवा कुबट वास येणारा वाटाणा वापरू नये. दाणे चांगले वाळवून कोरड्या जागी, जमिनीपासून उंच ठेवावेत.

३. पांढऱ्या फुलांच्या वाणाचा वाटाणा निवडावा. रंगीत फुलांच्या वाणात टॅनिन जास्त असल्याने प्रथिनांचे पचन कमी होते.

४. भरडा रवाळ ठेवावा. अगदी पीठ केल्यास धूळ उडते व डुकरांच्या जठरात व्रण होण्याचा धोका वाढतो.

५. डाळ गिरणीतील वाटाणा चुणीत टरफल जास्त असते. ती वाटाण्याच्या जागी त्याच प्रमाणात धरू नये.

६. नवा खुराक एकदम सुरू न करता ७ ते १० दिवसांत जुन्यात मिसळत वाढवावा. स्वच्छ पाणी सतत उपलब्ध असावे.

सुरुवातीला दोन-चार डुकरांवर हा खुराक वापरून दर पंधरवड्याला वजन घ्यावे. वाढ पूर्वीइतकीच राहिली आणि खर्च कमी झाला, तर सर्व डुकरांना तो सुरू करावा. भाव, वजन व खुराकाची नोंद वहीत ठेवल्यास पुढील खरेदीचा निर्णय सोपा होईल.