कर्जाची तडजोड आणि कागदाची किंमत

गेल्या वर्षी अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी दख्खनच्या दंग्यांची हकिकत सांगितली. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांवर चालून गेले. त्यांचा राग माणसांपेक्षा कागदांवर अधिक होता. कर्जरोखे हिसकावून त्यांनी ते जाळले. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातही हे लोण पोहोचले. वर्ग ऐकत होता. माझे मन मात्र घरी होते. त्याच आठवड्यात आमच्या दारी वसुलीचा माणूस येऊन गेला होता.

आमचे घर ऊसतोडीचे. वडिलांनी एका खाजगी वित्त कंपनीकडून म्हशीसाठी 60,000 रुपये घेतले होते. म्हैस दगावली आणि हप्ते थकले. वसुलीवाला रात्री यायचा आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलायचा. आई धाकटीला दारात उभी करून सांगायला लावी, "आबा घरी नाहीत." आबा आत अंधारात बसलेले असत. एकदा लाजेपोटी त्यांनी 5,000 रुपये त्याच्या हातात दिले. पावती मागितली नाही. पुढे ती रक्कम खात्यात कुठेच दिसली नाही.

शेवटी आम्ही दोघे शाखेत गेलो. दाराशी आबा म्हणाले, "लेका, तू शिकलायस, तूच बोल." मी प्रथम खातेउतारा मागितला. मुद्दल, व्याज व दंड मिळून बाकी 58,400 रुपये होती. बरीच घासाघीस झाली आणि 40,000 रुपये एकरकमी भरायचे ठरले. या खेपेला मी पत्र हातात पडल्यावरच पैसे भरू दिले. पैसे आले कोठून? मुकादमाच्या उचलीतून. एक कर्ज फिटले ते दुसरे अंगावर घेऊन. त्या हंगामात आईवडिलांनी कोयता चालवला तो आदल्या वर्षीच्या म्हशीसाठी.

तरीही घरात सुटकेचा आनंद होता. तो या जूनपर्यंत टिकला. आबा दुसरीकडे कर्ज मागायला गेले, तेव्हा साहेबांनी नकार दिला. पतअहवालात आमच्या खात्यापुढे 'क्लोज्ड' नव्हे, 'सेटल्ड' असे लिहिले होते. 'क्लोज्ड' म्हणजे पूर्ण फेड. 'सेटल्ड' म्हणजे देणेकऱ्याने कमी भरले व कंपनीने उरलेले सोडून दिले. दुसरा शब्द वाचून पुढची बँक बिचकते. आम्ही 18,400 रुपये वाचवले, पण पत गमावली. हा फरक मला शाखेत कोणी सांगितला नाही आणि मलाही विचारायचे सुचले नाही. हा लेख त्यासाठीच लिहीत आहे.

मित्रहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी हीच कथा असेल. म्हणून चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली : तडजोडीत आधी दंड माफ करण्याची व उरलेल्या रकमेचे लहान हप्ते पाडून देण्याची मागणी करावी. मुद्दलात सूट मागणे हा शेवटचा उपाय. दुसरी : ठरलेली रक्कम, मुदत आणि खाते कोणत्या शब्दाने बंद होणार हे लेखी घ्यावे. रोख दिल्यास जागेवर पावती व शेवटी बेबाकी प्रमाणपत्र घ्यावे. तिसरी : रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या सूचनेनुसार वसुलीसाठी सकाळी 8 पूर्वी व सायंकाळी 7 नंतर फोन करता येत नाही, धमकावणे व चारचौघांत अपमान करणेही निषिद्ध आहे. चौथी : सिबिलसारख्या प्रत्येक पतसंस्थांकन कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. त्यात चूक असल्यास तक्रार करावी. 30 दिवसांत निकाल न लागल्यास पुढे दररोज 100 रुपये भरपाईची तरतूद आहे.

प्रकरण लोकअदालतीत मिटवता येते. तेथील निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपील नाही. म्हणून सही करण्यापूर्वी तो दोनदा वाचावा. कर्ज विनापरवाना सावकाराचे असेल, तर 2014 च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यानुसार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात तक्रार करता येते. मुकादमाच्या उचलीला मात्र बहुधा ना पावती, ना खातेपुस्तक. ते कर्ज तोंडीच वाढते आणि अंगमेहनतीनेच फिटते.

दंग्यानंतर 1879 साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. त्याने शेतकऱ्याला लेखी पावती, दरसाल हिशेब व खातेपुस्तक मागण्याचा हक्क दिला. धनको-ऋणकोंत समेट घडवणारेही नेमले. तो पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी होता. आपला बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात, म्हणून त्याबाहेर राहिला. सुप्याच्या शेतकऱ्यांनी कागद जाळले, कारण त्यांवर काय लिहिले आहे हे त्यांच्यापैकी बहुतेकांना वाचता येत नव्हते. माझ्या वडिलांना सही करता येते, पण बारीक अक्षरातला कागद ते वाचू शकत नाहीत. मी वाचू शकतो. तरी त्या दिवशी एक शब्द माझ्या नजरेतून सुटला.

आता गल्लीत कोणाला नोटीस आली की ते ती आमच्या घरी घेऊन येतात. मी ती मोठ्याने वाचतो आणि आधी खातेउतारा मागायला सांगतो. आबा शेजारी बसून ऐकतात. मध्येच म्हणतात, "पावती घेतली का, ते विचार आधी."