अवटु ग्रंथी आणि हृदय

भिलाईत वैशाखाच्या दिवसांत भट्टीवरून परतलेल्या कामगाराला घाम येतो, छातीत धडधडते आणि थकवा वाटतो, याचे कोणालाच नवल वाटत नाही. तेथील पहिली झोतभट्टी १९५९ च्या फेब्रुवारीत सुरू झाली. तेव्हापासून उष्णता ही त्या गावाच्या नित्य परिचयाची झाली आहे. म्हणूनच हीच लक्षणे गळ्यातील एका लहानशा ग्रंथीमुळे उद्भवली असली, तरी ती उन्हाच्या माथी मारली जाण्याचा संभव असतो. अशा वेळी एक साधी खूण उपयोगी पडते. श्रमाने वाढलेली नाडी विश्रांतीनंतर मंदावते. अवटु ग्रंथीच्या अतिक्रियेत मात्र ती झोपेतही बहुधा जलदच राहते.

असे का व्हावे? या ग्रंथीचे ट्रायआयोडोथायरोनीन हे हॉर्मोन हृदयस्नायूच्या पेशीकेंद्रकात पोहोचून काही प्रथिनांची निर्मिती वाढविते. त्यांपैकी एक प्रथिन आकुंचनानंतर कॅल्शियम पुन्हा पेशीतील साठ्यात ओढून घेते. त्यामुळे स्नायू लवकर शिथिल होऊन पुढच्या ठोक्यास सिद्ध होतो. त्याच वेळी सूक्ष्म रोहिण्या सैलावतात, मूत्रपिंडे मीठ व पाणी राखून ठेवतात आणि रक्ताचे आकारमान वाढते. हृदयाला कधी कधी नेहमीच्या दुपटीहूनही अधिक रक्त ढकलावे लागते. तरुण हृदय हे ओझे काही काळ पेलते. वृद्धाच्या हृदयात मात्र अलिंदांची लय बिघडून ती नुसती थरथरू लागण्याचा धोका असतो. तेथे झालेली गुठळी मेंदूकडे गेली, तर पक्षाघात ओढवतो. अशा वृद्धाचा गळा सुजलेला नसतो, डोळेही बटबटीत नसतात. पुस्तकातील चित्राची वाट पाहत बसणाऱ्या वैद्याच्या हातून येथे रोग निसटतो. रक्ताची तपासणी वेळीच केली, तर तो सापडतो.

ग्रंथी मंदावली म्हणजे नाडी संथ होते, रक्तातील कोलेस्टेरॉल वाढते, आणि कधी हृदयाभोवतीच्या आवरणात पाणी साचते. १८९१ साली इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे याने अशा एका स्त्रीला मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचला. ती त्यानंतर २८ वर्षे जगली. हर्मान त्सोंडेक या जर्मन वैद्याने १९१८ साली फुगलेले, मंद हृदय अशा उपचाराने पुन्हा लहान होते हे दाखविले.

तथापि हृदयाच्या रोहिण्या आधीच अरुंद झालेल्या रुग्णाला थायरॉक्सिनची पूर्ण मात्रा एकदम देणे धोक्याचे असते. हृदयाची प्राणवायूची गरज वाढते, रोहिण्या ती भागवू शकत नाहीत आणि छातीत कळ येते. म्हणून प्रारंभी १२.५ ते २५ मायक्रोग्रॅम इतकीच मात्रा देऊन ती काही आठवड्यांच्या अंतराने वाढवितात.