बरं वाटतंय, तरी ओढायचं

सातारा जिल्ह्यातल्या एका गावात माझी सकाळ चुलीपुढे आणि दुपार फळ्यापुढे गेली. बिडी-सिगारेटला कधी हात लावला नाही, घरातही कुणी ओढणारं नव्हतं. त्यामुळे छातीच्या डॉक्टरांनी कागदावर ‘सीओपीडी’, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार, असं लिहिलं, तेव्हा घरातले सगळे म्हणाले, “हिला कसं काय?” डॉक्टरांनी उलट मलाच विचारलं, “बाई, चुलीवर किती वर्षं स्वयंपाक केलात?”

तेव्हापासून रोजचा इनहेलर माझ्या दिनक्रमात आहे. औषध कुठलं आणि किती, हे ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनी ठरवायचं. ते रोज घेताना जे कळत गेलं, तेवढंच इथे मांडते.

१. ‘दमाच आहे’ म्हणून गप्प बसू नये, फुंकून घ्यावं

आमच्याकडे धाप लागली की दमा, जिना चढवेना झाला की वय. खरं काय ते स्पायरोमेट्री सांगते. नाकाला चिमटा लावतात, तोंडात नळी देतात आणि समोरची मुलगी ओरडत राहते, “फुंका, फुंका, अजून, सोडू नका!” मग पंप देऊन पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावतात. पूर्ण जोराने सोडलेल्या हवेपैकी पहिल्या सेकंदात किती बाहेर पडली, ते पाहतात. पंप दिल्यावरही हे प्रमाण ७० टक्क्यांच्या खाली राहिलं, तर श्वासनळ्या कायमच्या अरुंद झाल्या असण्याची शक्यता मोठी. कारण तंबाखूचा धूर असू शकतं, चुलीचा असू शकतं, दगडखाणीतली धूळ किंवा जुना टीबीही असू शकतो. छातीला नळी लावून हे सगळं कळत नाही, आणि साध्या एक्स-रेतही सुरुवातीला दिसेलच असं नाही.

२. ‘पंपाची सवय लागते’ हे कानाआड करावं

लग्नकार्यात भेटणाऱ्या प्रत्येकाकडे हा सल्ला तयार असतो. “पंप म्हणजे शेवटचा उपाय, त्यापेक्षा गोळी बरी.” आकडे उलटं सांगतात. श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या साल्ब्युटामॉलची मोठ्यांची एक गोळी ४ मिलिग्रॅमची, म्हणजे ४,००० मायक्रोग्रॅमची असते. पंपाच्या एका फवाऱ्यात तेच औषध १०० मायक्रोग्रॅम. गोळी पोटातून रक्तात, रक्तातून सगळ्या अंगभर फिरते, तेव्हा कुठे छातीला थोडी मिळते. पंपाचं औषध थेट जागेवर जातं, म्हणून इतकं कमी पुरतं. सवय म्हणाल, तर रक्तदाबाच्या गोळीची जितकी ‘सवय’, तितकीच याची. आजार रोजचा आहे, म्हणून औषधही रोजचं.

३. रोजचं औषध वेगळं, अडीनडीचं वेगळं

माझ्या मते सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. अडीनडीचा पंप काही मिनिटांत छाती मोकळी करतो, पण त्याचा असर चार ते सहा तासांत ओसरतो. टायोट्रोपियमसारखं रोजचं औषध एकदा घेतलं की चोवीस तास टिकतं. फॉर्मोटेरॉल बारा तास टिकतं, म्हणून ते सकाळ-संध्याकाळ. रोजचं घेतल्यावर बहुतेकांना लगेच काही जाणवत नाही. मग माणूस म्हणतो, “याने काही होत नाही,” आणि दोन महिने बरे गेले की डबी कपाटात जाते.

ते दोन महिने बरे गेले ते त्या डबीमुळेच, हे डबी बंद केल्यावर कळतं. माझ्या नात्यातल्या एका काकांनी उन्हाळ्यात ‘आता खोकला नाही’ म्हणून औषध सोडलं आणि थंडी सुरू होताच त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. या आजारात असा प्रत्येक मोठा झटका फुफ्फुसांची थोडी ताकद घेऊन जातो आणि ती पूर्ण परत मिळेलच असं नसतं. रोजचं औषध झटके कमी करतं. न आलेला झटका दिसत नाही, त्यामुळे या औषधाला श्रेय कुणी देत नाही.

एक खूण मात्र दिसते. अडीनडीचा पंप नेहमीपेक्षा जास्त वेळा लागू लागला, की काहीतरी बिघडतंय. ती संख्या मनात ठेवून डॉक्टरांना सांगावी.

४. अर्धं काम औषधाचं, अर्धं आपल्या श्वासाचं

गोळी गिळली की आपली जबाबदारी संपते. इनहेलरच्या बाबतीत औषध हातात घेतल्यावर ती सुरू होते. माझं औषध पावडरचं, रोटाहेलरमधून घ्यायचं. हात कोरडे पुसायचे. कॅप्सूलचं पारदर्शक टोक खाली ठेवून ती चौकोनी भोकात वरच्या कडेला समतल होईपर्यंत दाबायची. तळ फिरवला की ‘टक्’ आवाज होतो, कॅप्सूल उघडते. मग यंत्र तोंडापासून दूर धरून श्वास पूर्ण सोडायचा. यंत्रात फुंकायचं नाही, नाहीतर पावडर ओली होते आणि उडते. ओठ घट्ट मिटून एका दमात, जोरात आणि खोल ओढायचं. जिभेवर किंचित गोडसर चव येते, ती औषधासोबतच्या लॅक्टोज साखरेची. मनात दहा आकडे होईपर्यंत श्वास धरायचा. शेवटी यंत्र उघडून उजेडात पाहायचं. पावडर उरली असेल तर पुन्हा ओढायचं.

हे कुणी शिकवलं नाही, तर माणसं कॅप्सूल पाण्याबरोबर गिळतात. आमच्याच आळीतल्या एक आजी तसं करत होत्या. दोष त्यांचा नाही, कॅप्सूल दिसते ती गिळायचीच.

५. पंपाचा नियम नेमका उलटा

पावडर जोरात ओढायची, तर फवाऱ्याचा पंप सावकाश. आधी हलवायचा, श्वास सोडायचा, हळू आत घ्यायला सुरुवात करतानाच दाबायचा आणि चार-पाच सेकंद ओढत राहायचं. मग तसाच दहापर्यंत श्वास धरायचा. दुसरा फवारा लागणार असेल तर साधारण मिनिटभर थांबायचं. दाबणं आणि ओढणं ज्यांना एकत्र जमत नाही, त्यांनी स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची प्लॅस्टिकची पोकळ नळी, लावावा. ती लहान मुलांची वस्तू आहे असं समजून मोठी माणसं लाजतात. स्पेसर नसला की बरंचसं औषध घशात आपटून तिथेच राहतं. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून काढावा आणि आपोआप वाळू द्यावा. फडक्याने घासला तर प्लॅस्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध आतल्या भिंतीला चिकटतं.

६. स्टेरॉइड असेल तर चूळ भरून थुंकायचं

सगळ्यांच्या औषधात स्टेरॉइड नसतं. ज्यांच्या आहे, त्यांनी औषध झाल्यावर गुळण्या करून पाणी थुंकून टाकावं. नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते, आवाज घोगरा होतो. म्हणून डबी ब्रशजवळ ठेवण्याचा मोह होतो, पण न्हाणीघरातल्या दमटपणाने पावडरचे गोळे होतात. मी ती देवघराशेजारच्या कपाटात ठेवते आणि दात घासायच्या आधी औषध घेते.

७. तोंड कोरडं पडतं, त्यामागे धोतरा आहे

दम्यावर धोतऱ्याच्या पानांचा धूर घेण्याची रीत आपल्याकडे जुनी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती मद्रासहून ब्रिटनला गेली आणि पुढे तिकडे धोतऱ्याच्या सिगारेटी दुकानांत मिळू लागल्या. धोतऱ्यातल्या द्रव्यांमध्ये अ‍ॅट्रोपिन असतं, आणि टायोट्रोपियम हे त्याच घराण्यातलं, पण रक्तात आणि मेंदूत फारसं जाऊ नये असं घडवलेलं औषध. घराण्याचा गुण थोडा उरतोच, म्हणून तोंड कोरडं पडतं. मी पाण्याची बाटली जवळ ठेवते. प्रोस्टेटचा त्रास किंवा काचबिंदू असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगावं आणि पावडर डोळ्यात जाऊ देऊ नये. हे वाचून कुणी धोतरा पेटवू नये. तो विषारी आहे आणि धुराने झालेल्या आजारावर आणखी धूर हा उपाय नव्हे.

८. फवारा येतो म्हणजे औषध येतं असं नाही

पंपातलं औषध संपल्यावरही उरलेला वायू फवारा देत राहतो. डबा पाण्यात तरंगतो का पाहण्याची युक्ती भरवशाची नाही. आकडा दाखवणारा पंप घ्यावा. तसा नसेल तर सुरू केल्याची तारीख डब्यावर लिहून हिशेब करावा. कॅप्सूल वेष्टणातून ऐन वेळी काढावी, विशेषतः पावसाळ्यात.

९. दुकानात औषधाचं नाव आणि यंत्र, दोन्ही बघावं

एकदा दुकानदाराने माझं औषध नव्हतं म्हणून “तेच आहे, दुसऱ्या कंपनीचं” असं सांगून फवाऱ्याचा पंप पुढे केला. औषध खरंच तेच होतं, पण ओढायची रीत पूर्ण वेगळी. मी परत केला. गोळीची कंपनी बदलली तर चालून जातं, यंत्र बदललं तर पुन्हा शिकावं लागतं. खर्च झेपत नसेल तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावं. रोटाहेलर एकदा घेतला की पुढे फक्त कॅप्सूलचा खर्च, आणि जेनेरिक औषधांचाही पर्याय असतो. न सांगता एकाआड एक दिवस घेणं हा सगळ्यात महाग मार्ग.

१०. इनहेलर ओढून धुरात बसू नये

गेलेली फुफ्फुसं हे औषध परत देत नाही. उरलेल्यावर नीट जगू देतं, पण धूर थांबवला तरच. ओढणाऱ्याने तंबाखू सोडण्याइतका मोठा उपाय कुठल्याही डबीत नाही. आणि आम्हा बायकांचं काय? २०१६ पासून उज्ज्वला योजनेने गॅस गावोगाव नेला, तरी कितीतरी घरांत आंघोळीचं पाणी अजून चुलीवर तापतं आणि ते तापवायला घरातली बाईच बसते. ऊसतोडीनंतर पाचट पेटतं, थंडीत शेकोट्या, दिवाळीत फटाके. त्या दिवसांत मी खिडक्या लावून घेते. वर्षातून एकदा फ्लूची लस घेते, न्यूमोनियाचीही घेतली आहे. रोज चालते. चढ आला की नाकाने श्वास घेऊन ओठांचा चंबू करून सावकाश सोडते. बेडका वाढला, पिवळा-हिरवा झाला किंवा धाप एकाएकी वाढली तर वाट पाहत नाही. ओठ निळसर दिसू लागले किंवा बोलताना वाक्य पुरं होईना, तर सरळ दवाखाना.

११. दर भेटीला उजळणी

शाळेत पाढे पाठ असलेली मुलंही मे महिन्याच्या सुट्टीनंतर अडखळायची. इनहेलरचं तसंच होतं. शिकलेली रीत हळूहळू ढिली पडते, आणि ढिली पडली तरी बरं वाटतंय तोवर कळत नाही. म्हणून दवाखान्यात जाताना फाइलबरोबर इनहेलरही पिशवीत टाकावा आणि डॉक्टरांसमोर किंवा सिस्टरसमोर एकदा ओढून दाखवावा. गर्दी असेल, ते घाईत असतील, तरी सोडू नये. “जरा बघता का, बरोबर घेतेय का मी?” एवढंच विचारायचं. औषध बदलायच्या किंवा वाढवायच्या आधी तर नक्कीच, कारण पुष्कळदा औषध योग्यच असतं, ते फक्त पोचत नसतं.