पाखरांच्या पायांची निगा

विद्यार्थिमित्रहो, पाखराचे कौतुक करताना आपली दृष्टी त्याच्या पिसांवर, चोचीवर आणि कंठावर खिळते. पायांकडे सहसा कोणी पाहात नाही. वास्तविक पाहता पाळलेल्या पाखराचे सारे आयुष्य त्या दोन पायांवरच उभे असते. गाय दमली म्हणजे बसकण मारते, मांजर कुशीवर निजते. पाखरू मात्र झोपेतही बहुधा दांडी धरूनच असते. रानातले पाखरू दिवसभर उडते व नाना तऱ्हेच्या फांद्यांवर बसते. त्यामुळे तळव्यावरचा भार सतत जागा बदलीत राहतो. पिंजऱ्यातल्या वा खुराड्यातल्या पाखराला ही मुभा नसते. एकाच जागी रोज दाब पडून त्याच्या तळव्याला क्षत पडते. या दुखण्याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करणार आहोत.

पवारांच्या राजवटीबरोबर अठराव्या शतकात धार व देवास येथे अनेक मराठी कुटुंबे येऊन स्थायिक झाली. माळव्यातील अशा घरांतून आज कोठे कबुतरे, कोठे मूळचे ऑस्ट्रेलियातील व बाजारात ‘लव्हबर्ड’ या नावाने विकले जाणारे बजरीगर, तर कोठे परसात कोंबड्या पाळलेल्या आढळतात. आपल्याकडील राघू मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वये पाळता येत नाही, हे येथेच सांगून ठेवणे इष्ट. कोंबड्यांत धार व झाबुआ या भागांचे भूषण म्हणजे कडकनाथ. भिल्ल व भिलाला लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जतन केलेली ही जात. हिचे पीस, कातडी आणि मांसही काळपट असते, म्हणून हिला ‘कालीमासी’ असेही म्हणतात. झाबुआच्या कडकनाथ मांसास २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

तळव्याच्या या दुखण्याला इंग्रजीत ‘बंबलफूट’ म्हणतात. शिकारीसाठी ससाणे पाळणाऱ्यांना ते शतकानुशतके परिचित आहे. कोंबडी, पोपट, बदक यांनाही ते होते. त्याची वाटचाल ठरावीक असते. आरंभी तळव्यावरील खवल्यांची बारीक नक्षी पुसली जाऊन कातडी गुळगुळीत व लालसर होते. मग तिला सूज येते, पुढे चीर पडते. त्या चिरेतून स्टॅफिलोकोकस नावाचे जंतू आत शिरतात आणि काळी खपली धरते. खपलीखाली पू साचतो. परंतु पाखराचा पू आपल्या पुवासारखा पातळ नसून पनीरासारखा घट्ट असतो. तो आपोआप वाहून जात नाही, आतल्या आत गाठ होऊन बसतो. येथेही दुर्लक्ष झाल्यास जंतू स्नायुबंधांपर्यंत व हाडापर्यंत पोचतात आणि पाय, प्रसंगी प्राणही जातो. शिवाय एक पाय दुखू लागला की पाखरू सारा भार दुसऱ्यावर टाकते आणि थोड्याच दिवसांत तोही बिघडतो.

कडकनाथाच्या बाबतीत एक विशेष अडचण आहे. कातडीच काळपट असल्याने आरंभीची लाली डोळ्यांना दिसत नाही. म्हणून या कोंबडीचा तळवा केवळ पाहून भागत नाही. बोटाने चाचपून सूज, कठीणपणा व ऊब आहे की काय, हे ताडावे लागते.

आता कारणे पाहू. पहिले कारण बसण्याची दांडी. पिंजऱ्याबरोबर मिळणाऱ्या दांड्या एकाच जाडीच्या व गुळगुळीत असतात. त्यांवर तळव्याचा तोच तो बिंदू दाबला जातो. दांडीला वाळूकागद गुंडाळणे हा तर उघड अपाय होय. तळाची उघडी तारेची जाळीही तशीच घातक. दुसरे कारण ओल आणि घाण. माळव्याची काळी माती पावसाळ्यात चिकट होते. ओल्या विष्ठेत व चिखलात उभे राहून कोंबडीचा तळवा मऊ पडतो आणि साध्या काट्यानेही फाटतो. तिसरे कारण आहार. केवळ बाजरी, राळे व सूर्यफुलाचे बी खाणाऱ्या पाखरास अ जीवनसत्त्व पुरेसे मिळत नाही, त्यामुळे कातडी दुबळी होते. तेलकट बियांनी वजन वाढते आणि तो वाढीव भारही अखेर तळव्यावरच येतो. चौथे कारण उंची. दोन किलोचा कोंबडा उंच दांडीवरून रोज कठीण फरशीवर उडी मारू लागला, तर तळवा ठेचाळणारच.

कारणे कळली की उपाय दूर नाही. पिंजऱ्यात पेरू वा कडुलिंब यांच्या, औषध न फवारलेल्या, कमीअधिक जाडीच्या फांद्या धुऊन व वाळवून लावाव्यात. पाखराची बोटे फांदीभोवती साधारण दोनतृतीयांश वळावीत, पुढची व मागची बोटे एकमेकांस भिडू नयेत, ही जाडीची खूण. कोंबडीसाठी सुमारे पाच सेंटिमीटर रुंदीची, कडा गोल केलेली दांडी बेताच्या उंचीवर बसवावी. खुराड्यात गव्हाचा कोरडा भुसा वा लाकडाचा भरड चुरा पसरावा, तो वरचेवर हलवावा व ओला होताच बदलावा. दाण्यासोबत शेवग्याचा पाला, कोथिंबीर, गाजर, लाल भोपळा द्यावा. पतंगाचा मांजा किंवा केस पायात गुरफटला नाही ना, हेही पाहावे. आणि आठवड्यातून एक वार ठरवून प्रत्येक पाखराचे दोन्ही तळवे उलटून पाहावेत.

नुसती लाली किंवा किंचित सूज असेल, तर जागा व आहार सुधारल्यानेच पुष्कळदा गुण येतो. दांडीला स्वच्छ मऊ कापड गुंडाळून ते रोज बदलावे. अर्धा लिटर कोमट पाण्यात सपाट चमचाभर मीठ घालून त्यात पाय पाच ते दहा मिनिटे बुडवावा आणि हलकेच टिपून कोरडा करावा. कातडी तडकली असेल तर पोव्हिडोन आयोडीन पाण्यात मिसळून फिक्या चहाच्या रंगाइतके पातळ करून लावावे. तेलकट मलमे लावू नयेत; ती पिसांना माखतात व चोचीवाटे पोटात जातात. माणसांची वेदनाशामक मलमे तर पाखरास विषासमान ठरू शकतात. हाताळण्यापूर्वी व नंतर हात साबणाने धुवावेत, कारण हे जंतू माणसासही बाधतात.

काळी खपली, कठीण गाठ किंवा लंगडणे दिसताच मात्र घरगुती उपचार थांबवावेत. ब्लेडने खपली काढण्याचे धाडस कोणीही करू नये. त्याने रक्तस्राव होतो आणि जंतू अधिक खोल जातात. पशुवैद्य भूल देऊन आतील गाठ काढतात, योग्य ते प्रतिजैविक देतात आणि जखमेवर दाब पडू नये अशी कडीसारखी गादी बांधतात. जखम भरून येण्यास कित्येक आठवडे लागतात. जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी पशुवैद्यकीय रुग्णालये आहेत आणि धार-देवासला जवळच्या महू येथे पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे. औषध अर्धवट सोडू नये आणि मागच्या वेळचे उरलेले औषध मनानेच देऊ नये.

मित्रहो, पाखरू आपले दुखणे बोलून दाखवीत नाही. उलट, दुबळेपणा दिसला तर शत्रू झडप घालील या उपजत भीतीने ते होता होईल तो दुखणे लपविते. ते लंगडताना दिसले, याचा अर्थ दुखणे बरेच पुढे गेले आहे. त्याची दांडी आपण निवडतो, जमीन आपण निवडतो, दाणाही आपणच निवडतो. तेव्हा त्याच्या तळव्याच्या क्षताचे उत्तरदायित्वही आपलेच ठरते. आठवड्यातील पाच मिनिटे हे काही फार मोठे मोल नव्हे. ती देण्याची ज्याची तयारी असेल, त्यानेच पाखरू पाळावे.